गुरुवारची वही

स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात माझ्या वाट्याला आलेल्या कप्प्यात दोन वस्तू शेजारी शेजारी असतात. एक दोनशे पानी वही, पुठ्ठ्याच्या कव्हरची, कडेला लाल कापडी पट्टी. दुसरी निळी बॉक्स फाइल, पाठीवर छापील चिठ्ठी चिकटवलेली: क्रायटेरिया सहा. दोन्हींत नोंद एकाच गोष्टीची आहे. आमच्या कॉलेजातले काही प्राध्यापक दर गुरुवारी एकत्र बसून आपापल्या शिकवण्याबद्दल बोलतात, त्याची. फाइलीत सूचना आहेत, सह्यांचे कागद आहेत, अक्षांश-रेखांश छापलेले रंगीत फोटो आहेत आणि प्रत्येक बैठकीचा एकपानी अहवाल आहे. वहीत चहाचे डाग आहेत, पाच-सहा हस्ताक्षरं आहेत आणि एका पानावर फक्त एवढंच आहे: 'आज काहीच सुचलं नाही. सगळे पेपर तपासून दमलेत. वीस मिनिटांत उठलो.'

कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम आली तेव्हा त्यांच्या सहाव्या निकषासाठीची ही फाइल टेबलावर मांडलेली होती. वही आदल्या संध्याकाळी मी पर्समध्ये घालून घरी नेली. का नेली, हे तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. आता बहुधा येईल.

अशा गटांना उच्च शिक्षणाच्या परिभाषेत फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी म्हणतात. ही कल्पना रुजली ती ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात, 1979 मध्ये. (हे विद्यापीठ ऑक्सफर्ड नावाच्या गावात आहे. म्हणजे मायामी फ्लोरिडातलं नव्हे आणि ऑक्सफर्ड इंग्लंडमधलं नव्हे. वर्गात सांगितलं की मुलं हमखास हसतात.) नव्यानं नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांसाठी तिथं सुरू झालेल्या उपक्रमाला मिल्टन कॉक्स यांनी पुढे पक्कं रूप दिलं: वेगवेगळ्या विषयांच्या आठ-बारा जणांनी स्वखुशीनं एकत्र यायचं, वर्षभर ठरावीक अंतरानं भेटायचं, प्रत्येकानं आपल्या वर्गातला एक खरा प्रश्न हातात घ्यायचा, काहीतरी करून पाहायचं आणि काय झालं ते बाकीच्यांपुढे ठेवायचं. मराठीत याला 'अध्यापक अध्ययन समुदाय' म्हणता येईल, पण ते म्हणताना जीभ दोनदा अडखळते. 'अभ्यासमंडळ' हा उत्तम शब्द विद्यापीठांनी आधीच बोर्ड ऑफ स्टडीजला देऊन टाकलाय. आम्ही नुसतं 'गुरुवार' म्हणतो. 'मॅडम, आज गुरुवार आहे ना?' असं कुणी सोमवारी विचारलं तरी आम्हाला कळतं.

हे कशासाठी करायचं, असं विचारणाऱ्याला मी आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर बसायला सांगेन. आम्ही तिथं महागाई भत्त्याबद्दल बोलतो, पेपर तपासणीच्या केंद्राबद्दल बोलतो, ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्याहून वेळेवर सुटली की नाही याबद्दल बोलतो. मुलांबद्दलही बोलतो, म्हणजे 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' एवढंच. पण आज माझा तास पडला, मी समजावत गेले आणि पन्नास चेहरे कोरेच राहिले, असं सहसा कुणी म्हणत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1993 मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं. प्राध्यापक होताना त्यांना वाटलेलं की संशोधन एकट्यानं करायचं असतं आणि शिकवणं चारचौघांत चालतं. अनुभव आला तो नेमका उलटा. संशोधन हे परिषदांत, नियतकालिकांत, सहकाऱ्यांच्या शेऱ्यांत जगतं. शिकवताना मात्र दार लागतं आणि आत आपण एकटे. माझ्या नोकरीची पहिली चौदा वर्षं त्या बंद दाराआड गेली आणि मला ते खटकलंही नाही, हे इथं कबूल करते.

खटकलं ते एका गुरुवारी. 2022 च्या जूनमध्ये, कोविडनंतरची पहिली पूर्ण बॅच वर्गात येऊन बसली तेव्हा आम्ही सात जणांनी हे सुरू केलं. जागा बॉटनीच्या लॅबमागची खोली, वेळ पावणेदोन, फॉर्मॅलिनचा वास मोफत. त्या दिवशी माझी पाळी होती. मी एफवायबीकॉमला अर्थशास्त्र शिकवते. मागणीच्या प्रकरणात एक हमखास प्रश्न असतो: किंमत बदलली म्हणून मागणी कमी-जास्त होणं आणि किंमत तीच असताना उत्पन्न, आवड, सण अशा इतर कारणांनी मागणी कमी-जास्त होणं, यांतला फरक. दरवर्षी अर्ध्याहून अधिक मुलं तो चुकवतात आणि दरवर्षी मी 'बेसिक कच्चं आहे' म्हणून गुण कापते. मी पाच उत्तरपत्रिका नावं झाकून नेल्या आणि वाचून दाखवल्या.

बॉटनीच्या मॅडम म्हणाल्या, "मला तर पाचही बरोबर वाटतायत." त्यावर मी जरा तोऱ्यातच फळ्यावर आकृती काढली. मराठीचे सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "बारावीच्या पुस्तकात याला काय म्हणतात?" मी सांगितलं: पहिल्याला मागणीतील विचलन, म्हणजे विस्तार आणि संकोच, दुसऱ्याला मागणीतील बदल, म्हणजे वृद्धी आणि ऱ्हास. "आणि तुमच्या इंग्रजी संदर्भग्रंथात?" तिथं पहिल्यालाही चेंज, दुसऱ्यालाही चेंज, फक्त एकात 'क्वांटिटी' हा शब्द जास्त. सर हसले. "म्हणजे मॅडम, बारावीत ज्याला बदल म्हणायचं नाही असं पोरांना बजावलं, त्यालाच तुम्ही जूनमध्ये बदल म्हणायला लागता. आणि विस्तार म्हणजेही वाढ, वृद्धी म्हणजेही वाढ. पोरगं करणार काय? त्याला सांगा, एकात माणूस रेषेवरून चालतो, दुसऱ्यात रेषाच उचलून पलीकडे ठेवतात."

रेषेवरून चालणं आणि रेषा उचलून ठेवणं. मी चौदा वर्षं हा विषय शिकवत होते, नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत याच विषयाला मला उत्तम गुण होते, आणि मला हे सुचलं नव्हतं. ते सुचलं अर्थशास्त्राचं एक पानही न वाचलेल्या माणसाला, कारण त्याचा कान शब्दाकडे होता. गट वेगवेगळ्या विषयांच्या लोकांचा असावा असं कॉक्स का म्हणतात, ते मला त्या दिवशी उमगलं. आमच्याच विभागातल्या चौघांनी बसून मुलांच्या 'कच्च्या बेसिक'वर एकमत करून चहा प्यायला असता.

पुढचं काम घरचं होतं. आमच्याकडची बरीच मुलं घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींतली. कुणाचे वडील एपीएमसीच्या फळबाजारात, कुणाचे कांदा-बटाट्यात. मी उदाहरण तिथूनच उचललं. मे महिन्यात हापूसची आवक वाढली, पेटीचा भाव उतरला, म्हणून गिऱ्हाईक एकाऐवजी दोन पेट्या नेतं: हे रेषेवरून चालणं. अक्षय तृतीयेला भाव काहीही असो, घरात आंबा आलाच पाहिजे म्हणून लोक येतात: ही रेषा उचलली. वहीच्या एकतिसाव्या पानावर हे सगळं माझ्या अक्षरात आहे. खाली मराठीच्या सरांच्या अक्षरात: 'मॅडमना आज पहिल्यांदा खडू खाली ठेवून ऐकताना पाहिलं.' आणि पंधरवड्यानंतरची माझी नोंद: 'पुन्हा प्रश्न दिला. चूक कमी झाली, पण गेली नाही. जी मुलं चुकली ती आकृती बरोबर काढतात आणि वाक्य चुकवतात. म्हणजे गोम इंग्रजी वाक्यात आहे का?'

लिहिण्याचा अर्थ मला इथं लागला. बोललेलं त्या दिवशी गोड लागतं आणि पुढच्या सत्राला विरून जातं. लिहिलेलं परत भेटतं आणि बहुतेक वेळा अडचणीत आणतं. मागे वळून पाहणं म्हणजे डोळे मिटून चिंतन करणं नव्हे. मागे पाहायला तिथं काहीतरी ठेवलेलं लागतं.

आता फाइलीकडे येते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या गुरुवारची बातमी आयक्यूएसीपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षापर्यंत, पोचली. समन्वयक सज्जन माणूस, हे आधीच सांगते. त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या बेस्ट प्रॅक्टिसमध्ये जाईल." दुसऱ्या वर्षी सूचना निघाली. गुरुवारला एक चकचकीत इंग्रजी नाव मिळालं, त्याचा फ्लेक्स झाला. सदस्य सातांचे तेवीस झाले, कारण प्रत्येक विभागाचा एक माणूस हवा. बॉटनीची खोली जाऊन कॉन्फरन्स रूम आली. तिथं एसी होता आणि लांब टेबलाच्या डोक्याकडच्या खुर्चीवर कुणीतरी बसणं भाग होतं, मग प्राचार्य येऊन बसायचे. पहिली पाच मिनिटं फोटोत जायची. मोबाइलवरचं ॲप जागा पकडेपर्यंत सगळ्यांनी समोर बघायचं. त्या खोलीत कुणीही, एकदाही, आपल्या वर्गात काय फसलं ते सांगितलं नाही. सांगणार कसं? पुढच्याच महिन्यात ज्यांच्या सहीनं आपलं मूल्यमापन व्हायचं ते समोर बसलेले. मग व्याख्यानं सुरू झाली. एकानं ब्लूम्स टॅक्सोनॉमीवर स्लाइड दाखवल्या, दुसऱ्यानं एआयवर. ऐकणारे मोबाइलमध्ये, आणि मीही त्यातलीच.

आणि अहवाल मी लिहिले. 'फलनिष्पत्ती' या रकान्यात काहीतरी भरावं लागतं. मी लिहिलं, 'सहभागी अध्यापकांच्या अध्यापन-कौशल्यात लक्षणीय सुधारणा झाली.' लक्षणीय म्हणजे किती, कुणाच्या लक्षात आली, हे कुणी विचारलं नाही. माझी नोकरी गेली नसती, कुणी मला दमही दिला नव्हता. रकाना रिकामा दिसत होता, एवढ्याच कारणानं लिहिलं. नॅकची टीम येण्याआधीच्या संध्याकाळी वही घरी नेली ती याच लाजेनं. दोन्ही एका टेबलावर ठेवले असते तर फाइल खोटी ठरली असती.

नॅकला खलनायक करणं सोपं आहे आणि आमच्या जमातीत लोकप्रियही, पण ते मला पटत नाही. 1994 मध्ये नॅक आली त्याआधी कित्येक कॉलेजांत ग्रंथालयाचा दरवाजा परीक्षेपुरता उघडायचा. कुणीतरी येऊन बघणार आहे या धाकानं प्रयोगशाळा सुधारल्या, मुलींसाठी स्वच्छतागृहं झाली. जिओटॅग केलेले फोटो का मागतात, तर न झालेले कार्यक्रम झाले म्हणून दाखवणारे आम्हीच होतो म्हणून. पुरावा मागणाऱ्याची चूक नाही. घोळ आहे तो पुरावा आणि नोंद यांत आपण फरक करत नाही याचा. पुरावा परक्यासाठी असतो. त्यात झालं किती, ते लिहितात. नोंद आपल्यासाठी असते. त्यात फसलं कुठं, तेही लिहितात. तीच वही दोघांना पुरवायला गेलं की पहिला बळी फसलेल्याचा जातो, आणि शिकण्याजोगं जे काही असतं ते तिथंच असतं.

माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. त्यांच्याकडे दर महिन्याला मॉर्टॅलिटी मीटिंग असते. दगावलेल्या रुग्णांचे कागद समोर ठेवून कुठं उशीर झाला, काय वेगळं करता आलं असतं, हे कनिष्ठ डॉक्टरपासून विभागप्रमुखापर्यंत सगळे बोलतात. तिथं बोललेलं शिक्षा करायला वापरायचं नाही, हा संकेत मोडला की पुढच्या महिन्यापासून सगळेच कागद निर्दोष येतात, असं ती म्हणते. आमच्या वर्गात कुणी मरत नाही, त्यामुळे असेल, आम्हाला असा संकेत पाळावासा वाटलेला नाही.

आपल्याकडे याची उदाहरणं नाहीत असं नाही, आणि ती ओहायोच्या आधीची आहेत. मध्य प्रदेशात 1972 मध्ये सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकायचं, ही त्याची ओळख. पण त्याचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठकीत. गावोगावचे शिक्षक येऊन सांगायचे की अमुक प्रयोग वर्गात जमला नाही, तमुक प्रश्न मुलांना कळलाच नाही. आणि त्यावरून पुस्तकातले धडे बदलायचे. मुंबईची टीआयएफआर ही विज्ञान संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथली माणसं तिथं खाली सतरंजीवर बसून हे ऐकत. 2002 मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षांत शिक्षकाच्या 'जमलं नाही'ला पाठ्यपुस्तक बदलण्याइतकं वजन होतं. आणि आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच (बोर्डी-कोसबाड आता पालघरात गेलं) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून काय केलं? आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. थोडी मोठी पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली. प्रत्येक पाऊल आधीचं फसलं होतं म्हणून पडलं. ते त्यांनी सांगितलं, लिहिलं, म्हणून अंगणवाडी हा शब्द आज देशभर आहे. आमच्या अहवालाच्या भाषेत त्यांनी लिहिलं असतं तर 'बोर्डी येथे बालवाडी यशस्वीपणे सुरू' एवढ्यावर फाइल बंद झाली असती.

प्राथमिक शिक्षकांकडे आम्ही वरून पाहतो, पण जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक महिन्यातून एकदा केंद्रावर शिक्षण परिषदेला जमतात. त्यातल्या निम्म्या कंटाळवाण्या असतील, तरी 'शिक्षकानं शिक्षकाबरोबर बसायचं' हे तिथं गृहीत आहे. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट. 1986 च्या धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, मग त्यांची पाटी बदलून एचआरडीसी झाली, 2023 पासून मालवीय मिशन आहे. मी तिन्ही पाट्यांखाली बसलेय, काही व्याख्यानं खरंच चांगली होती. पण तिथं जायचं ते बढतीच्या फायलीत प्रमाणपत्र लागतं म्हणून. ऑनलाइन असलं की कॅमेरा बंद, माइक बंद, आणि गॅसवर कुकर.

इथं माझे काही सहकारी वाद घालतात, आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. ते म्हणतात, बढतीत गुण नसतील तर तुझ्या गुरुवारला येणार कोण? अनुभव सांगते: सात जण. आणि मला सात पुरतात. गुण ठेवलेत की तेवीस येतात, हे आम्ही पाहिलं. दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. पगार सरकारी तिजोरीतून येतो. मग तुम्ही काय बोलता ते लोकांना का कळू नये? कळावं. माझं म्हणणं एवढंच, की काय बाहेर न्यायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवावं, आणि वेळ आल्यावर न्यावंच. ओहायोच्या पद्धतीतही सदस्य आपलं काम वर्षाअखेर सगळ्यांपुढे मांडतात, पुष्कळदा छापतात. म्हणजे वही कायमची कुलपात ठेवायची नाही. पण पिकायच्या आधी फळ उतरवून पेटी भरली तर काय होतं, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको.

उलट एक जबाबदारी आम्ही स्वतःच टाळली होती. मुलांच्या उत्तरपत्रिका वाचून मुलांबद्दल बोलत होतो आणि मुलंच खोलीत नव्हती. एकदा तिघांना बोलावलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही 'समजलं ना?' असं विचारता तेव्हा पुढच्या बाकाकडे बघता." हेही वहीत आहे. मी अजून पुढच्या बाकाकडेच बघते, पण आता मला ते कळतं.

खरा प्रश्न वेळेचा आहे आणि तो पैशाचाही आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ प्राध्यापकानं आठवड्याला चाळीस तास काम करायचं. त्यात सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष शिकवण्याचे सोळा तास. उरलेल्या चोवीस तासांत एक तास गुरुवारला सापडू नये असं गणित नाही. पण आमच्याकडे शिकवणाऱ्यांतले कितीतरी पूर्णवेळ नाहीतच. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ज्यांना आम्ही सरळ सीएचबी म्हणतो, ते सकाळी ठाण्यात दोन तास घेतात, दुपारी ऐरोलीत, संध्याकाळी खारघरच्या क्लासमध्ये. पैसे फक्त घेतलेल्या तासाचे. गुरुवारी पावणेदोनला ते आमच्याबरोबर बसले तर तो तास कुणाच्या खिशातून? नवं शैक्षणिक धोरण मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं, तेव्हा मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे अशा नव्या पेपरांपैकी जे कुणालाच नको होते ते याच सीएचबी शिक्षकांच्या गळ्यात पडले. ज्यांना सहकाऱ्यांशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच बसायला तास नाही. आमचा गुरुवार दोन वर्षं कायम नोकरीवाल्यांचा क्लब होता. हे वहीत कुठंही लिहिलेलं नाही. आपल्याला जे दिसत नाही ते नोंदीतही येत नाही.

म्हणून मागणी करायची तर नव्या योजनेची नको, नव्या पोर्टलची तर मुळीच नको. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास छापावा. त्या तासाचे पैसे सीएचबी शिक्षकांना मिळावेत, कारण तो शिकवण्याचाच भाग आहे. संस्थेनं एवढंच तपासावं की गट भेटला की नाही, किती वेळा भेटला. त्यासाठी एक ओळ पुरे, फोटो घ्या हवा तर. आत काय बोललं गेलं ते मागू नये, आणि कुणी आपणहून दिलं तर त्यावर गुण लावू नयेत. प्राचार्यांना यायचं असेल तर त्यांनी स्वतःची फसलेली गोष्ट घेऊन यावं. असं एकदा झालंय. आमच्या आधीच्या प्राचार्यांनी निवृत्तीच्या महिन्यात येऊन सांगितलं की त्यांना कधीच मोठ्या वर्गाला शिकवता आलं नाही, म्हणून ते प्रशासनाकडे वळले. खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही चौघं गुपचूप बॉटनीच्या खोलीत परत गेलो. फॉर्मॅलिनचा वास तसाच होता. कॉन्फरन्स रूममधला कार्यक्रम चालूच आहे. तिथंही मी सही करते, दुटप्पीपणा मान्य आहे. वहीची शिस्त मात्र आता थोडी घट्ट केलीय. नोंद त्याच दिवशी, खोलीतच व्हायची, आणि ज्याची पाळी असेल त्यानं नाही, दुसऱ्यानं लिहायची. कारण आपलं फसणं आपण लिहिताना शब्द मऊ होतात. मुलांची नावं नाहीत. 'लक्षणीय' या शब्दाला बंदी. दर तीन महिन्यांनी एक बैठक फक्त जुनी पानं वाचायला. ती सगळ्यांत कठीण जाते. मागे इतक्या ठिकाणी 'पुढच्या वेळी करून बघू' लिहिलंय आणि पुढे काहीच नाही.

यंदा पदरमोड करून, म्हणजे आम्ही चौघांनी थोडे थोडे काढून, एका सीएचबी मॅडमचा गुरुवारचा तास भरून काढतो. हे बरोबर नाही, पण तूर्त असं आहे. तिला माझाच पेपर दिलाय, एफवायबीकॉमची दुसरी तुकडी. जूनमध्ये मी तिला वही दिली आणि एकतिसावं पान उघडून दाखवलं, जरा अभिमानानंच. ऑगस्टमध्ये वही परत आली तेव्हा हापूसच्या उदाहरणाशेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'अक्षय तृतीयेचं उदाहरण दिलं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, मॅडम, त्या दिवशी मार्केटला गाड्यापण जास्त येतात. मग फक्त मागणीची रेषा कशी हलली? पुरवठ्याचीपण हलली ना? मला उत्तर देता आलं नाही.'

दोन वर्षं मी ते उदाहरण बिनधास्त देत होते. या गुरुवारी तेच घेतोय.